एप्रिल लागला की रीफ टँक २९ वर, तेही चिलर चालू असताना

ज्यांच्या घरी रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोरलचा टँक आहे, त्याला चिलर (पाणी थंड करणारं मशीन) आहे, तो रात्रंदिवस चालतोय, लाईट बिल वाढतंय आणि तरी दुपारी टँकचं टेंपरेचर २९-३० ला जाऊन टेकतंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझ्याकडे सलग दोन उन्हाळे हेच झालं आणि दोन्ही वेळा एकच सल्ला मिळाला, ताई चिलर लहान पडतोय, मोठा घ्या. तिसऱ्या वर्षी पैसे बाजूला काढून मी कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या मार्केटला निघायच्या बेतात होते, पण त्याआधी एका रविवारी घरी बसून सगळं नीट मोजलं आणि ती खरेदी टळली. चिलर आजही तोच आहे आणि परवा भर दुपारी चार वाजता टँक २६.३ होता.

सेटअप आधी सांगते, म्हणजे आकडे तुमच्या टँकशी ताडून बघता येतील. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, हॉल पश्चिमेला, तीननंतर ऊन थेट भिंतीवर. तीन फुटी टँक, खाली दोन फुटी सम्प (टँकला जोडलेली खालची टाकी), दगड-वाळू वजा जाता एकूण पाणी साधारण २२० लिटर. झोआ, मश्रूम, दोन लेदर, झेनिया ही मऊ कोरल, क्लाउन माशांची जोडी आणि एक क्लीनर श्रिंप. हार्ड कोरल मी ठेवत नाही, वन्यजीव कायदा १९७२ च्या शेड्यूल १ मध्ये ते येतात आणि मला त्या वाटेला जायचं नाही. चिलर १/१० एचपीचा, टँकखालच्या कॅबिनेटमध्ये बसवलेला. १०० वॅटचा हीटर सम्पमध्ये. या शेवटच्या दोन गोष्टींतच सगळं दुखणं होतं.

पहिल्या उन्हाळ्यात मला तर कळलंही नव्हतं, कळलं ते सासूबाईंना. मी ऑफिसमधून आले तर त्या टँकसमोर खुर्ची टाकून बसलेल्या, म्हणाल्या, "अगं, हे दोघं सकाळपासून वरच तोंड काढून आहेत, दम लागल्यासारखं करतायत, बघ जरा." दोन्ही क्लाउन पाण्याच्या पृष्ठभागाशी, कल्ले भराभर हलतायत, झेनियाची हात उघडझाप करायची हालचाल बंद, लेदर मिटून चामड्यासारखा पडलेला. टेंपरेचर ३०.१.

मासे वर का येतात ते समजून घ्या, कारण पहिला उपाय त्यावरूनच ठरतो. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्राच्या पाण्यात २५ डिग्रीला लिटरमागे साधारण ६.७ मिलिग्रॅम, ३० ला ६.२ च्या आसपास. फरक लहान दिसतो, पण त्याच वेळी माशांची, बॅक्टेरियाची, सगळ्यांची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. म्हणून टँक तापलेला दिसला की बर्फाकडे धावायच्या आधी हवा द्या. वेव्हमेकर (टँकमधलं पाणी फिरवणारा पंप) वर वळवून पृष्ठभाग खळाळता करा, एअर पंप असेल तर एअरस्टोन टाका, लाईट बंद करा, त्या दिवशी खाणं देऊ नका. मग थंड करायच्या मागे लागा.

कोरलचं वेगळं आहे. त्यांच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ असतं, बराचसा रंग आणि अन्न त्यातूनच मिळतं. पाणी जास्त दिवस तापलं की कोरल ते शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, त्यालाच ब्लीचिंग म्हणतात. समुद्रातही नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादी डिग्री जास्त काही आठवडे टिकली तरी हे सुरू होतं, २०२४ मध्ये आपल्या लक्षद्वीपला मोठ्या प्रमाणावर झालं. आपल्या टँकमध्ये २५ ते २६.५ सगळ्यांना मानवतं, २७.५ सुद्धा चालतं जर ते रोज तिथेच राहिलं तर. रोज दुपारी तीन डिग्री वर आणि पहाटे तीन डिग्री खाली हे मात्र चालत नाही, माझ्या झोआ २७ ला उघड्या असायच्या आणि त्या वरखालीने मिटायच्या. त्यामुळे नुसता आकडा बघू नका, दिवसभरातला चढउतार बघा.

आता शोध कसा घेतला ते. सगळ्यात आधी थर्मामीटर, कारण माझ्याकडे तीन होते आणि तीन वेगळं बोलत होते, २५.८, २७.१ आणि २६.४, एकाच पाण्यात, एकाच वेळी. काचेवर चिकटवायची पट्टी तर सोडूनच द्या, ती काचेचं टेंपरेचर दाखवते. तपासायची सोपी रीत अशी की बर्फाचा चुरा आणि थोडं साधं पाणी ग्लासात घट्ट कालवायचं, पाच मिनिटं ढवळत प्रोब (थर्मामीटरचं वायरवालं टोक) मध्ये धरायचा, शून्य यायला पाहिजे. नंतर वाटीभर कोमट पाणी ३७ च्या आसपास करून त्यात घरातला ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर आणि प्रोब दोन्ही एकत्र बुडवायचे. ताप बघायचा थर्मामीटर त्या पट्ट्यात बऱ्यापैकी अचूक असतो. दोन्हीकडे मिळून किती पुढेमागे दाखवतो ते कागदावर लिहून कंट्रोलरला (टेंपरेचर बघून चिलर चालू-बंद करणाऱ्या डबीला) चिकटवा. माझा कंट्रोलर ०.७ कमी दाखवत होता, म्हणजे मी २७ समजून निवांत असायचे तेव्हा टँक २७.७ होता. प्रोबच्या टोकावर मिठाचा थर साचला असेल तर तोही आधी पुसून घ्या.

मग तो रविवार. वहीत तीन रकाने केले, टँक, खोली आणि कॅबिनेटच्या आतली हवा. कॅबिनेटमध्ये एक स्वस्तातला जादाचा प्रोब लोंबकळत ठेवला. सकाळी ८ ला टँक २८.१, खोली २९, कॅबिनेट ३६. दुपारी १२ ला २८.४, ३१, ३९. चार वाजता २९.०, ३३, ४३. संध्याकाळी सातला टँक २९.६, कॅबिनेट ४४. रात्री ११ ला २९.०. पहाटे अडीचला गजर लावून उठले, टँक २८.३. चिलरचं सेटिंग २६. म्हणजे सबंध दिवसात चिलर एकदाही बंद झाला नव्हता आणि २६ ला एकदाही पोचला नव्हता.

त्या अडीच वाजताच मोठा चोर सापडला. हॉलमध्ये लाईट लावला नव्हता, नवरा-सासूबाई झोपलेले, मी वही घेऊन कॅबिनेटचं दार उघडलं, तर आत अंधारात सम्पच्या तळाशी एक छोटासा केशरी दिवा लागलेला आणि बाजूला चिलरचा कॉम्प्रेसर घुमतोय. हीटर चालू होता. २८.३ डिग्रीच्या टँकमध्ये, एप्रिल महिन्यात, डायल २५ वर असताना. हात लावायच्या आधी स्विच बंद केला आणि तिथेच जमिनीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी तो हीटर बादलीत तपासला. २४ डिग्रीचं मिठाचं पाणी, एक छोटा पंप फिरता, हीटर डायल २५ वर. दिवा विझला तेव्हा पाणी २८.६ झालं होतं. आतली बायमेटल पट्टी आणि तिचे कॉन्टॅक्ट वर्षानुवर्षं उघडझाप करून झिजतात, डायल सरकतं, कधी कॉन्टॅक्ट चिकटून बसतात आणि हीटर बंदच होत नाही, हीटर बिघडायचा हा अगदी नेहमीचा प्रकार आहे. माझा पूर्ण चिकटला नव्हता, फक्त साडेतीन डिग्री वर सरकला होता, म्हणून दोन वर्षं पत्ता लागला नाही. रात्री खोली गार व्हायला लागली, टँक उतरायला लागला की २८.५ च्या आसपास हीटर पेट घ्यायचा आणि चिलरच्या कष्टावर पाणी फिरवायचा.

आणि मग हिवाळ्यात का जाणवलं नाही, हा प्रश्न मला दोन दिवस छळत होता. उत्तर लाईट बिलात होतं. जानेवारीतही चिलर चालायचा, हीटर तर चोवीस तास चालायचा, फक्त तेव्हा खोली गार असल्यामुळे चिलर दोन्ही ओझी ओढून २६ वर टँक धरून ठेवायचा. १०० वॅटचा हीटर अखंड चालला तर महिन्याला ७२ युनिट होतात, वर तीच उष्णता बाहेर काढायला चिलरची वीज वेगळी. कुणाचा चिलर डिसेंबर-जानेवारीत रात्रीसुद्धा सारखा लागत असेल तर एप्रिलची वाट बघू नका, आजच हीटर तपासा.

हीटर काढल्यावर सकाळचा आकडा २६.९ वर आला. पण दुपारी परत २८.२. म्हणजे अर्धंच काम झालं होतं.

उरलेलं अर्धं आमच्या एसीवाल्या दादांनी सांगितलं. ते बेडरूमचा एसी साफ करायला आले होते, जाताजाता म्हटलं दादा हा चिलर जरा बघता का. त्यांनी कॅबिनेटचं दार उघडलं, चिलरच्या मागे तळहात धरला, मग पुढे जाळीशी धरला, आणि म्हणाले, "ताई, हे आपलीच गरम हवा परत खातंय. एसीचा आउटडोअर तुम्ही कपाटात ठेवाल का?" तेवढंच. मीही हात धरून बघितला, दोन्हीकडची हवा सारखीच भट्टीसारखी, दाराच्या आतलं लॅमिनेट बोट टेकवत नव्हतं. चिलर उष्णता नाहीशी करत नाही, पाण्यातून काढून हवेत सोडतो, आणि ती हवा आधीच ४४ डिग्री असेल तर सोडणार कुठे. कॉम्प्रेसर चालत राहतो, वीज खातो, थंडावा मात्र कमी होतो. मग त्यांनी जाळी काढली. कंडेन्सरच्या, म्हणजे चिलर जिथून उष्णता बाहेर सोडतो त्या भागाच्या पात्यांमध्ये घोडबंदर रोडची धूळ नमद्यासारखी बसलेली, आरपार उजेड दिसत नव्हता. मऊ ब्रशने पात्यांच्या दिशेने, वरून खाली, आडवा ब्रश मारला की पाती वाकतात. ब्लोअर असेल तर आतून बाहेर हवा मारा.

त्याच दिवशी चिलर कॅबिनेटमधून बाहेर काढून टँकच्या बाजूला ठेवला, दोन्ही बाजूंनी फूटभर जागा सोडून, पाईप लांब करून. दिसायला बरं दिसत नाही हे खरं, पाहुणे विचारतात, मी सांगते. ज्यांना बाहेर काढणं शक्यच नाही त्यांनी कॅबिनेटची मागची फळी पूर्ण काढा आणि गरम हवा बाहेर ढकलणारा एक्झॉस्ट फॅन लावा, दाराला चार भोकं पाडून काही होत नाही. चिलर बेडरूममध्ये असेल आणि दार-खिडक्या बंद असतील तरी हेच होतं, फक्त कॅबिनेटच्या जागी सबंध खोली तापते.

चिलर नीट चालतोय का हे बघायला लोक आउटलेटच्या पाण्यात बोट घालतात आणि म्हणतात थंड लागतच नाही, बिघडलाय. तसं नसतं. या साईजच्या चिलरमधून तासाला पाचसहाशे लिटर पाणी जात असेल तर आत-बाहेरचा फरक अर्ध्या डिग्रीपेक्षा कमीच असतो. खरी परीक्षा घड्याळ लावून, हीटर बंद, टँकचे लाईट बंद, दोन तासांत टँक किती उतरला. माझा साफसफाईनंतर दोन तासांत १.२ उतरला. उतरतच नसेल तर आधी फ्लो बघा, चिलरला पाणी देणाऱ्या पंपाच्या इम्पेलरमध्ये गोगलगायीचे शंख, कोरलाइन शेवाळाचे कडक तुकडे अडकतात. बादलीभर पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून पंप तासभर त्यात फिरवला की नव्यासारखा होतो, नंतर साध्या पाण्याने नीट धुवून मगच टँकला जोडा. एवढं करूनही टँक उतरत नसेल तर मात्र गॅस किंवा कॉम्प्रेसरचा प्रश्न, ते मेकॅनिककडे.

टँकमध्ये उष्णता घालणारं आणखी काय काय आहे याचाही एकदा हिशोब करा, मला तो करताना खूप मजा आली. पाण्यात बुडालेल्या पंपाचे वॅट शेवटी जवळजवळ सगळे पाण्यातच उष्णता होऊन राहतात. माझा रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर टँकमध्ये चढवणारा) ४०, दोन वेव्हमेकर मिळून २०, स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारा) १८, म्हणजे साधारण ८० वॅट. २२० लिटर खारं पाणी एक डिग्री तापवायला साधारण पाव युनिट लागतं, म्हणजे एक युनिट पाण्यात गेलं की चार डिग्री. ८० वॅट चोवीस तास म्हणजे १.९ युनिट, उष्णता बाहेर पडायला वाटच नसेल तर दिवसाला साडेसात डिग्री. त्यात हीटरचे शंभर मिळवा, आणि ३३ डिग्रीची खोली काचेतून जे देते ते मिळवा, बिचाऱ्या चिलरने काय काय करायचं. मी रिटर्न पंप बदलून डीसी घेतला, मंद स्पीडला १८ वॅट खातो, आणि त्याने टँकचं काही बिघडलं नाही.

आता पंख्याचं. टँकवर छोटा पंखा लावा, चिलरची गरज नाही, असं बरेच जण सांगतात आणि त्यांचंही चुकत नाही, ते फेब्रुवारीत सांगत असतील तर. पंखा पाणी उडवून थंड करतो, एक लिटर पाण्याची वाफ झाली की माझ्या टँकमधून अडीच-पावणेतीन डिग्रीएवढी उष्णता घेऊन जाते, हे चिलरपेक्षा स्वस्त आहे. पण वाफ होण्यासाठी हवा कोरडी लागते. हवा ३२ डिग्री आणि दमटपणा ४० टक्के असताना ओल्या पृष्ठभागाचं टेंपरेचर २२ पर्यंत उतरू शकतं. मे महिन्यात ३३ आणि ७० टक्के असेल तर ते २८ च्या खाली जाऊच शकत नाही, जूनमध्ये ३१ आणि ८५ टक्क्यांना २९ च्या जवळ. मग तुम्ही एक पंखा लावा नाहीतर चार लावा. ठाणे, ऐरोली, वाशी, खाडीच्या दोन्ही बाजूंना हेच गणित. मी पंखा डिसेंबर ते मार्च वापरते, त्या दिवसांत चिलर फारसा लागत नाही. टँक उघडा ठेवताना वरून बारीक जाळी हवी, मासे उडी मारतात.

पंखा लावलात की सॅलिनिटीकडे, म्हणजे पाण्यातल्या मिठाच्या प्रमाणाकडे लक्ष. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. पंखा चालू असताना माझ्याकडे दिवसाला चार लिटर उडतं, दोन दिवस भर घातली नाही तर ३५ चं ३६ च्या पुढे जातं. भर नेहमी आरओच्या साध्या पाण्याची, मिठाच्या पाण्याची नाही, आणि आरओचा कॅन दुपारी बाल्कनीत उन्हात ठेवू नका.

लाईट गेली तर. चिलरचा कॉम्प्रेसर घरातल्या छोट्या इन्व्हर्टरवर बहुतेक वेळा उचलतच नाही, सुरू होताना ओढ फार असते. त्यामुळे इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर आणि एअर पंप एवढंच ठेवा, हवा चालू राहिली तर टँक ३० ला सुद्धा काही तास तग धरतो. फ्रीझरमध्ये एक लिटरच्या चार बाटल्या कायम भरून ठेवा, बूच घट्ट लावून, थोड्या रिकाम्या ठेवून म्हणजे फुटत नाहीत. एक बाटली माझ्या २२० लिटरला साधारण अर्धी डिग्री उतरवते. एका वेळी एकच, सम्पमध्ये, तासाभराने दुसरी. बर्फ सुटा टाकू नका, नळाच्या पाण्याचा बर्फ म्हणजे क्लोरीन थेट टँकमध्ये. आणि घाईने चार डिग्री खाली आणू नका, तापलेल्या कोरलला तो दुसरा धक्का बसतो. लाईट आल्यावर चिलरला लगेच सुरू होऊ देऊ नका, पाच मिनिटं जाऊ द्या, कंट्रोलरमध्ये कॉम्प्रेसर डिले असेल तर तो लावून ठेवा. मिठाचं पाणी आणि वायरी एकत्र आहेत, तेव्हा प्रत्येक वायर प्लगपाशी पोचायच्या आधी खाली झोल देऊन वर न्या आणि टँकच्या लाईनवर ईएलसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) हवाच, यात काटकसर नको.

सध्याची सेटिंग अशी आहे. चिलर आणि हीटर दोन्ही एकाच बाहेरच्या कंट्रोलरवर, म्हणजे दोघं एका वेळी चालूच शकत नाहीत. चिलर २६.३ ला सुरू, २५.८ ला बंद. प्रोब सम्पमध्ये, पण टँकमधून पाणी उतरतं त्या पहिल्या कप्प्यात, हीटरपासून लांब, आधी तो हीटरच्या शेजारी होता. दुपारी तीन ते सहा पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा, आणि टँकचे लाईट संध्याकाळी पाच ते रात्री अकरा, पूर्वी ते दुपारी बारापासून असायचे. या मे महिन्यात सगळ्यात वाईट दिवशी चढउतार ०.६ होता. झेनिया परत सगळ्या दगडावर पसरलीय, आता ती कापून मित्रमंडळींना वाटावी लागतेय.

कंडेन्सरची जाळी दर दुसऱ्या रविवारी, पावसाळ्यात महिन्यातून एकदा. ऑक्टोबर हीटच्या आधी परत एकदा पूर्ण सफाई करते, कारण पाऊस थांबला की धूळ एकदम उठते. नवीन हीटर ५० वॅटचा घेतलाय, तो मार्च ते नोव्हेंबर प्लगमधून काढून कपाटात असतो, डिसेंबरच्या मध्यावर बादलीत तपासून मगच पुन्हा सम्पमध्ये जातो, कंट्रोलरवर २४.५ ला.